यादीत नसलेलं लेकरू

भिवंडीत एलिया वडागळे यांना दोन नावांनी ओळखतात. धामणकर नाक्यामागच्या गल्लीतली सत्तरी ओलांडलेली माणसं त्यांना 'जॉबरचा एल्या' म्हणतात, कारण त्यांच्या वडिलांनी तिथं उभा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात घालवला. बाकीचे सगळे त्यांना बिशपसाहेब म्हणतात. बिशप म्हणजे नेमकं काय, हे मात्र सगळ्यांनाच ठाऊक आहे असं नाही. एका रिक्षावाल्याला तर वर्षभर ते रिटायर जज्ज वाटत होते.

वडील नगरकडचे ख्रिस्ती. पोट भरायला भिवंडीत आले आणि एका कोकणी मुसलमान शेठच्या कारखान्यात जॉबर झाले. लूम बिघडला की ते आधी त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. "हाताला आधी कळतं, कानाला मागून," असं पोराला सांगायचे. घर कारखान्याला लागूनच. दिवसभर अशी खटखट चालायची की घरात प्रार्थनासुद्धा ओरडून करावी लागे. एलियाचा आवाज तिथंच घडला. पुढं कितीही मोठं चर्च असो, त्यांना माइकची गरज पडली नाही.

बाविसाव्या वर्षी ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायचं शिक्षण घ्यायला गेले. मग घाटावरच्या कोरड्या तालुक्यांतून सत्तावीस वर्षं पाळकी केली, पहिली आठ सायकलवर आणि बाकीची एका जुन्या मोटारसायकलवर. बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, माणसं पुरली. लग्न झालं, पण मूलबाळ झालं नाही. बायकोने, मनोरमाबाईंनी, ते कधी बोलून दाखवलं नाही. २००५ साली, चौपन्नाव्या वर्षी, एलिया वडागळे बिशप झाले. अँग्लिकन मिशनऱ्यांनी एकेकाळी घालून दिलेली सगळी शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्यावर, बाप्तिस्म्याची नोंदवही कुणाकडे, कुठल्या गावच्या मंडळीत पाळक नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. बंद पडलेलं वसतिगृह त्यांनी चालू केलं. दोन मंडळ्यांतलं वीस वर्षांचं भांडण एका बैठकीत मिटवलं. वाईट बिशप होते असं त्यांचे विरोधकही म्हणाले नसते.

मग २००८ चा एप्रिल आला.

मानकोलीच्या पुढं, खाडीच्या अंगाला एक छोटंसं चर्च होतं. मिठागरावरच्या मजुरांसाठी मिशनने कधीकाळी बांधलेलं. मिठागरं गेली, मजूर गेले, चार घरं उरली. छप्पर एका पावसाळ्यात बसलं ते बसलंच. तिन्ही बाजूंना गोदामं उभी राहिली होती आणि चौथी बाजू तेवढी रस्त्याची होती. कमिटीने जागा गोदामवाल्यांना द्यायचं ठरवलं. पण पवित्र केलेली वास्तू अशीच कुलूप लावून सोडता येत नाही. बिशपने स्वतः यावं लागतं. क्रूस, पवित्र शास्त्र आणि प्रभुभोजनाचा प्याला बाहेर काढावा लागतो, आणि ही जागा आजपासून इतर जागांसारखीच, असा जाहीरनामा मोठ्याने वाचावा लागतो. त्याआधी कबरी हलवायच्या. जुन्या नोंदवहीत दहा नावं होती. दहाही जणांचे अवशेष नातेवाइकांच्या संमतीने भिवंडीच्या दफनभूमीत नेले. एलिया साहेबांनी यादीवर स्वतः दहा टिकमार्क केले होते.

सकाळचे अकरा वाजले असतील. क्रूस जीपमध्ये ठेवून झाला होता. एवढ्यात रस्त्याने एक बाई धापा टाकत आली. ही गोदूबाई. चर्चची झाडलोट वर्षानुवर्षं तिनेच केलेली. वज्रेश्वरीला बहिणीकडं आठ दिवस गेली होती आणि तिला कुणी काही कळवलंच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "माजी पोर राह्यली."

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. सत्तावीस वर्षांमागं तिची सहा वर्षांची मुलगी गेली. मुसळधार पाऊस, खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं, पाळक पोचू शकला नाही. शेजारच्यांनीच प्रार्थना करून पोरीला चर्चच्या मागच्या भिंतीशी पुरलं. पाळक नंतर आला, नाव लिहितो म्हणाला, आणि राहून गेलं. दगड लावायची ऐपत नव्हती. तिने शिंपल्यांचं रिंगण केलं होतं.

सगळे मागच्या बाजूला गेले. तिथं त्याच सकाळी कमरेइतक्या उंचीचा मुरमाचा भराव टाकलेला होता. गोदामवाल्यांचा मुकादम म्हणाला, खोदायचं मशीन दुसऱ्या साइटवर गेलंय, सोमवारशिवाय येत नाही.

एलिया साहेबांना दुपारची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी मोठी सभा होती, आणि ते अध्यक्ष होते. त्यांनी फक्त एवढंच करायचं होतं की कागद वाचायचा नाही. जाहीरनामा झाला नसता तर जागा सोमवारपर्यंत चर्चचीच राहिली असती, भराव काढावाच लागला असता. हे त्यांना त्याच क्षणी स्पष्ट कळत होतं. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांनी स्वतःला हजार सबबी सांगितल्या, पण कळत नव्हतं ही सबब त्यांना कधी सांगता आली नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग गोदूबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, देवाला सगळी ठिकाणं ठाऊक असतात."

तिने खांदा हळूच बाजूला घेतला. "देवाला ठाऊक हाय, साहेब. तुमाला न्हाय ना."

आणि त्यांनी कागद वाचला. आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. पलीकडच्या गोदामातले हमालसुद्धा थांबून ऐकत राहिले.

त्याच वर्षी डिसेंबरात, घाटावरच्या एका गावात दृढीकरणाचा विधी होता. बाप्तिस्मा तान्हेपणी, आईबापांच्या इच्छेने होतो. मूल जाणतं झालं की स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं, आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. हे काम बिशपनेच करायचं असतं. वेदीपुढच्या कठड्याशी चौदा मुलं ओळीने गुडघ्यांवर बसली होती. पाळक एकेकाचं नाव वाचत होता, साहेब एकेका डोक्यावर हात ठेवत पुढं सरकत होते. तेल लावलेली डोकी, नव्या रिबिनींची डोकी, भीतीने घामेजलेली डोकी. चौदावं झालं. साहेबांचा हात सवयीने पुढं गेला आणि खाली टेकला.

हाताखाली डोकं होतं.

लहान, चौदाव्यापेक्षा बरंच खाली. केस ओले, थंडगार. आणि केसांखाली कपाळ असं तापलेलं की तळहाताला चटका बसावा. साहेबांनी खाली पाहिलं. कठड्याची ती जागा रिकामी होती. पाळक नोंदवही मिटून उभा होता. पण हात म्हणत होता, आहे. साहेबांच्या तोंडून प्रार्थना निघाली, फक्त नावाच्या जागी ते अडखळले. मग डोकं हाताखालून निघून गेलं, मूल उठून जावं तसं.

पहिल्यांदा त्यांनी तो थकवा मानला. फेब्रुवारीत दुसऱ्या गावी नऊ मुलं होती. दहावं डोकं आलं. जूनमध्ये एकवीस होती, बाविसावं आलं. ते आधी यादी मोजून घ्यायला लागले, मनातल्या मनात आकडे म्हणत पुढं सरकायला लागले. हात मागं घ्यायचं एकदा त्यांनी ठरवलंही. शेवटच्या मुलापाशी दोन्ही हात पाठीमागं बांधून ते उभे राहिले. तेव्हा झग्याला खालून कुणीतरी टेकल्यासारखं झालं, आणि ती धग कापडातून गुडघ्याला लागली. त्यांनी मुकाट हात खाली नेला.

एका पाळकाने जेवताना विचारलं, "साहेब, शेवटी तुम्ही रिकाम्या जागेवर हात ठेवता, तो कुणासाठी?"

साहेब म्हणाले, "जे येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी."

ही एक गोष्ट त्यांच्या हातून फार वाईट झाली. कारण ती पसरली. गावोगाव बायका सांगू लागल्या, आमचे बिशप गेलेल्या लेकरांनाही आशीर्वाद देतात. ज्यांची मुलं गेली होती त्या आया लांबून चालत यायच्या, मागच्या रांगेत बसायच्या, आणि विधीनंतर साहेबांचा तोच उजवा हात डोळ्यांना लावून रडायच्या. मनोरमाबाई घरी म्हणायच्या, "तुमच्याबद्दल लोक किती चांगलं बोलतात!" साहेब उठून हात धुवायला जायचे. रात्री नव्हे, भर दुपारी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्यांना एकटं वाटायचं. आठ वर्षांत चाळीसहून जास्त दृढीकरणं झाली. एकदाही ती पोर चुकली नाही.

२०१६ साली ते निवृत्त झाले. तीन वर्षांनी मनोरमाबाई गेल्या आणि साहेब भिवंडीला थोरल्या बहिणीकडं राहायला आले. आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, लग्न न केलेली, तोंडाने फटकळ. कामतघरच्या बाजूला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. खालच्या गाळ्यात अजून बारा लूम चालतात. साहेबांना तो आवाज बरा वाटायचा. दृढीकरणाचा प्रश्नच उरला नव्हता, आणि हात शांत होता.

२०२३ च्या सप्टेंबरात भिवंडीचे पाळक घरी आले. मधले बिशप निवृत्त झाल्यावर नवे अजून नेमले गेले नव्हते, नऊ मुलं दोन वर्षांपासून थांबली होती, आणि धर्मप्रांताच्या कार्यालयाने साहेबांच्या नावाने परवानगीचं पत्र दिलं होतं.

"मला जमणार नाही," साहेब म्हणाले.

पाळक चहा न संपवता गेले. आक्का मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गुडघे दुखतात म्हणून?"

"हो."

"खोटं बोलतोस, एल्या. सकाळी तलावाला दोन फेऱ्या मारून आलास."

खालचे लूम चालू होते. आणि काय झालं कोण जाणे, त्या खटखटीत, लहानपणी प्रार्थना म्हणायचे तसे जवळजवळ ओरडूनच त्यांनी सगळं सांगून टाकलं. भराव, घड्याळ, कागद, ओले केस, सगळं. मेथीची जुडी संपली होती तरी आक्का काड्या मोडत होत्या.

"आणि ती बाई?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतोस? गोदूबाई. तिच्याकडं गेलास?"

"पंधरा वर्षं झाली, आक्का. ती असेल की नसेल..."

"कोन गावात असते. भाच्याकडं. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मीच घेऊन गेले होते." आक्का उठल्या आणि साडीवरची पानं झटकली. "तू चाळीस गावं हिंडलास. कोन इथून किती लांब आहे रे?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते रिक्षाने कोनला गेले. भाचा केसरीनाथ याचं टायरचं दुकान, मागं घर. गोदूबाई ओट्यावर बसून वाळत घातलेल्या सुकटीवरून कावळे हाकलत होती. ऑपरेशन झालं तरी दिसणं बेताचंच. साहेबांनी ख्रिस्ती रिवाजाने "सलाम, बाई," म्हटलं आणि तिने मान वळवली.

"वडागले साहेब," ती म्हणाली. "आवाज वलखला मी."

साहेब ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी बोलायचं ठरवून आणलं होतं, पण ते काही जमलं नाही. "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं," एवढंच आधी आलं. "मला थांबता येत होतं. मी थांबलो नाही."

कावळा येऊन सुकट घेऊन गेला, तो गोदूबाईने हाकलला नाही.

मग त्यांनी हाताखालच्या डोक्याचं सांगितलं, आणि आता नऊ मुलांच्या दृढीकरणाला नाही म्हटल्याचंही. ती ओरडेल, शिव्या देईल, वेडा म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती सरकत सरकत त्यांच्या जवळ आली आणि तिने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"ह्योच हात?"

"हो."

"केस कसं लागतान?"

"ओले," साहेब म्हणाले. "थंड, ओले. आणि कपाळ मात्र फार गरम."

गोदूबाई म्हणाली, "ताप उतरत नव्हता. तीन दिस मी डोक्यावर पान्याच्या पट्ट्या ठेवल्या. वल्या केसांनीच गेली ती. पुसायला बी झालं न्हाय."

ही गोष्ट साहेबांना कुणी सांगितली नव्हती.

"मना कदीच येत न्हाय," गोदूबाई म्हणाली. "येक डाव सपनात पन न्हाय. मी म्हनायची, पोर इसरली मना." तिने हात सोडला नव्हता. "तिचं नाव ठाव हाय तुमाला?"

साहेबांनी मान खाली घातली.

"कमळ," ती म्हणाली. "इतके येला डोक्यावर हात ठेवलात, साहेब. नाव तरी इचारायचं."

केसरीनाथच्या बायकोने चहा आणला. कुणी घेतला नाही. निघताना गोदूबाईने त्यांना थांबवलं.

"त्या नवू पोरांचं करा तुमी. आनि त्या दिशी मना तिथं जवल उभी करा. येवडं करा."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी भिवंडीच्या चर्चमध्ये दृढीकरण झालं. नऊ मुलं कठड्याशी बसली. साहेबांनी सात वर्षांनी झगा घातला होता आणि तो खांद्यांवर सैल झाला होता. आक्कांनी गोदूबाईला दुसऱ्या रांगेत धरून बसवलं होतं. नववं नाव झालं. साहेब थांबले, वळले आणि म्हणाले, "गोदूबाई, पुढं या."

मंडळीत कुजबुज झाली. पाळक गोंधळून पुस्तकात पान शोधू लागले. असा कुठला विधी पुस्तकात नव्हता. आक्कांनी गोदूबाईला कठड्यापर्यंत आणलं. साहेबांनी तिचा हात घेतला, आपल्या हाताखाली धरला, आणि दोन्ही हात मिळून नवव्या मुलाच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर खाली नेले.

पोर आली. गोदूबाईचा हात मध्ये असूनही साहेबांना ती धग लागली, आणि तिच्या बोटांच्या फटींतून ओले केस लागले. ते प्रार्थना म्हणू लागले. या वेळी अडखळले नाहीत. "कमळ," ते म्हणाले. नाव घेताच डोकं किंचित वर उचलल्यासारखं झालं, कुणी हाक मारली की मूल वर बघतं तसं.

"लागतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

गोदूबाईने डोळे मिटून घेतले होते.

परतताना रिक्षाने कल्याण नाका ओलांडला. मग गोदूबाई म्हणाली, "मना काय लागलं न्हाय, साहेब. गारेगार हवा व्हती नुसती. पन तुमचा हात थरथरत व्हता, तेवडं कललं." ती पुढं म्हणाली, "तुमी खोटं बोलत न्हाय, ह्ये कललं."

त्यानंतर साहेबांनी कार्यालयाला पत्रं लिहिली. चार महिने गेले, पण जुन्या दफनाच्या नोंदवहीत दहा नावांखाली अकरावं नाव चढलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात साहेबांच्या आग्रहावरून लिहिलं गेलं की अवशेष हलवले नाहीत, चूक बिशपची. गोदामवाल्यांना दगड लावू द्या म्हणून विनंती केली होती. त्यांचं नम्रपणे नाही म्हणून उत्तर आलं. पण आत जायला त्यांनी हरकत घेतली नाही. पोर गेली त्या तारखेला, ऐन जुलैत, गोदूबाई आणि साहेब तिथं गेले. रस्त्यापासून पावलं मोजत गोदूबाई एका शटरपाशी येऊन थांबली. आत पार्सलांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. "हितंच," ती म्हणाली, आणि सिमेंटच्या फरशीवर तिने आपला तळहात टेकला. तसाच बराच वेळ ठेवला.

पुढच्या जानेवारीत गोदूबाई झोपेतच गेली. साहेबांनीच तिला भिवंडीच्या दफनभूमीत पोचवलं. माती देताना त्यांनी दोन नावं घेतली, आणि केसरीनाथने चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

त्यांना वाटलं होतं, आई तिकडं गेली, आता पोर थांबेल. तसं झालं नाही. आता विधीही लागत नाही. दुपारी ते खुर्चीत वाचत बसतात, हात खुर्चीच्या बाजूला लोंबत असतो, आणि हाताखाली ती धग येते. साहेब पुस्तक मिटतात आणि हात हलवत नाहीत. आक्का आतून विचारतात, "आलीय का?" साहेब हो म्हणतात. आक्का रेडिओ बारीक करतात. आक्कांचा विश्वास बसलाय की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या जुलैत साहेब एकटेच गोदामावर गेले. रखवालदार नवा होता, जौनपूरकडचा. त्याने छत्रीखालचा हा पांढऱ्या केसांचा म्हातारा नीट न्याहाळला.

"किससे मिलना है, बाबा?"

"मिलना नहीं है. काम आहे थोडं. हमारा एक काम बाकी है इधर."

"कितना टाइम लगेगा?"

मागं एक ट्रेलर शिट्ट्यांच्या तालावर उलटा आत येत होता, त्याला वाट द्यायला दोघंही बाजूला सरले. "मालूम नहीं," साहेब म्हणाले. रखवालदाराने गेट अर्धं उघडलं. छत्री मिटून, फरशीवर पाय घसरणार नाही असं बघत, ते सावकाश आत, त्या शटरच्या दिशेने गेले.